वरची बाजू कोणती

दर मंगळवारी नेवेना वडिलांकडे दही, कांद्याची पात आणि रक्तदाबाच्या गोळ्या पोचवायची. त्या मंगळवारीही तिने तेच केलं. मे महिना होता. नदीवरून आलेलं धुकं दहा वाजून गेले तरी रुसे शहराच्या छपरांवरून उठायला तयार नव्हतं. चौथ्या मजल्यावरच्या घरात स्तामेन पेनेव, वय एक्याऐंशी, नदीखात्याचे निवृत्त नकाशाकार, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून कॉफीत ब्रश बुडवत होते. टेबलावर कॉफीचे दोन कप होते, एक पिण्याचा आणि एक रंगवण्याचा. ब्रशचे केस दोन्हींत तरंगत होते.

"काय दिसतं?" त्यांनी कागद तिच्याकडे फिरवून विचारलं.

हा प्रश्न ते गेली चाळीस वर्षं कशाबद्दलही विचारत आले होते. ढग, दुधावरची साय, भिंतीचा उडालेला पोपडा, करपलेला पाव, काहीही चालायचं. लहानपणी नेवेनाकडे उत्तर तयार असायचं. मग ती मोठी झाली, तिने पुष्कळ पुस्तकं वाचली, एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायला लागली, आणि नीट वाचल्याशिवाय कशावरही मत देऊ नये असं तिचं मत झालं.

"छान आहे, बाबा," फ्रिजमध्ये डोकं घालून ती म्हणाली. "मागच्या आठवड्याचं दही तसंच पडलंय."

"ते दही नाही. तो गोंद आहे."

"दह्याच्या बरणीत?"

"कणकेचा आहे. बाहेर आंबतो."

तिने बरणी जागच्या जागी ठेवली, गोळ्या वारांप्रमाणे डबीत घातल्या आणि घड्याळ पाहिलं. बस सुटायला सहा मिनिटं होती. 'पुढच्या मंगळवारी नीट बघते' असं ती निघताना म्हणाली की नुसतंच मनात आलं, हे तिला नंतर कितीही आठवून नक्की करता आलं नाही.

बुधवारी सकाळी पाव घेऊन परत येताना स्तामेन लिंडनच्या झाडाखालच्या बाकावर टेकले, ते उठलेच नाहीत. बाकावर शेजारी बसलेल्या बाईने सांगितलं, की ते मान वर करून पानांकडे बघत होते. तिला वाटलं, पक्षी बघत असतील.

अंत्यसंस्कार झाले, माणसं आली-गेली, आणि मग घरात राहिला तो टेबलावरचा कागद. उघडलेल्या वर्तमानपत्राएवढा. त्यावर निळ्या शाईच्या वळणदार रेषा होत्या, एकीच्या बाहेर दुसरी, दुसरीच्या बाहेर तिसरी, नदीच्या तळाची खोली दाखवतात तशा. मध्ये मध्ये कॉफीचे तपकिरी पाणथळ डाग. कुठे पातळ पारदर्शक कागदाचे फुगवटे चिकटवलेले, कुठे बसच्या जुन्या तिकिटांच्या पट्ट्या. रेषांवर बारीक आकडे: ९१, ९४, ९७, ०३, ०८, १६, २१. आणि अगदी मधोमध शाळेच्या वहीतून फाडलेला एक चौकोनी तुकडा, त्यावर नारिंगी खडूने काढलेलं चार पायांचं काहीतरी. सही नाही. तारीख नाही. ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्येक नकाशावर आधी उत्तर दिशेचा बाण काढला, त्याने या कागदावर बाणही काढला नव्हता.

नेवेनाने ठरवलं, की चाळिसाव्या दिवशी, जेव्हा साखर घातलेले उकडलेले गहू वाटतात आणि माणसं शेवटची एकदा घरी येऊन बसतात, तेव्हा हे चित्र टेबलाच्या वर, भिंतीवर लावलेलं असावं. बस, एवढंच. एक चौकट आणि एक खिळा. आणि तोवर वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर शोधून ठेवावं. उशिरा का होईना, द्यायचं राहिलं होतं. मनाशी म्हणताना हे काम एका दुपारचं वाटलं. जगातली बहुतेक मोठी संकटं सुरुवातीला एका दुपारचीच असतात.

चौकटीवाला किरो मिस्त्री पेन्सिल कानामागे खोचून कागदाकडे बराच वेळ बघत राहिला.

"वरची बाजू कोणती?"

"माहीत नाही."

"मग हूक कुठे लावू?"

"चित्र अमूर्त आहे," नेवेना म्हणाली. असं बोलताना आवाज थोडा खाली येतो, आजाराचं नाव सांगताना येतो तसा.

"चित्र असेल अमूर्त. खिळा अमूर्त नसतो, मॅडम."

यावर वाचनाचा काही उपयोग नव्हता. शेवटी किरोने चारही बाजूंना हूक लावायचं कबूल केलं. "रोज थोडं थोडं फिरवत जा," तो म्हणाला. "घड्याळासारखं. कधीतरी बरोबर वेळ दाखवेल." मापं घेऊन त्याने कागद परत दिला आणि आधी घरच्यांना विचारून या, म्हणून बजावलं. घरचं असं आता कोणी नव्हतं. म्हणून ती समोरच्या दारातल्या वेलिचकामावशींकडे गेली.

वेलिचकामावशी त्या जिन्यातल्या सगळ्यांचं भविष्य कॉफीच्या कपात बघत. कॉफी प्यायची, कप बशीवर उपडा करायचा, गाळ सुकला की मावशी सांगणार: प्रवास आहे, पत्र आहे, एक काळी बाई तुझ्यावर जळते. सत्तावीस वर्षं जिन्यात एक काळी बाई सगळ्यांवर जळत होती आणि ती कोण हे कुणालाच कळलं नव्हतं. कागदावर कॉफी आहे म्हटल्यावर मावशींनी चष्मा बदलला.

"कुठली कॉफी?"

"नेहमीचीच. त्यांची."

"प्यायली होती का त्यांनी?"

"थोडी. चुकून."

"मग चालेल. न प्यायलेली कॉफी बोलत नाही." त्यांनी कागद दिव्याशी धरला. "हा बघ, पक्षी. म्हणजे बातमी. ही वाट, लांबची. आणि हे नारिंगी... खुर्ची आहे. रिकामी. कोणीतरी बसायला येणार."

"वरची बाजू कोणती, मावशी?"

मावशी थांबल्या. कपाला कान असतो. कानाच्या बाजूला घर, समोरच्या बाजूला जग. कागदाला कान नव्हता. त्यांनी तो चारदा फिरवला आणि चार वेळा वेगळं भविष्य निघालं. त्यातल्या एकात तर नेवेनाला जुळी मुलं होती.

"तुझ्या बाबांनी कान काढायला हवा होता," त्या शेवटी म्हणाल्या. "नकाशावाले होते ना? एवढं कळू नये?"

दार उघडंच होतं, त्यामुळे वरून उतरणारे गांचोकाका आत आले. पाचव्या मजल्यावरचे गांचोकाका, बंदरातले जुने क्रेनवाले. मदत करायची त्यांना इतकी हौस, की माणसं त्यांना बघून सामान लपवत. स्तामेन आणि त्यांच्यामध्ये तेहतीस वर्षं एकच भानगड होती. काकांनी कपडे धुण्याचं यंत्र न्हाणीघरातून काढून लहान खोलीत नेलं होतं, नळ्या स्वतःच्या हातांनी जोडल्या होत्या, आणि त्याबरोबर खालच्या लहान खोलीच्या छताला ओल धरली होती. ती खोली आधी नेवेनाची, मग वडिलांची. इमारतीच्या सभेत विषय निघाला तेव्हा सगळे काकांवर तुटून पडले, आणि स्तामेननी स्वतः उठून तक्रार मागे घेतली. "राहू दे," ते म्हणाले होते, "अजून वाढतोय." याचा अर्थ कोणालाच लागला नाही. काकांनी मात्र ते मनाला लावून घेतलं, कारण अपमानापेक्षा क्षमा जास्त दिवस टोचते.

"मला काय वाटतं सांगू?" काका कागदाकडे न बघता म्हणाले. "चित्रबित्र ठीक आहे. पण चाळिसाव्याची पत्रकं कोण चिकटवणार? मी चिकटवतो. आणि किल्ली दे घराची. खुर्च्या वर-खाली करायला लागतील."

नेवेनाने किल्ली दिली. पत्रकांचा मजकूरही तिनेच पाठवला आणि चूकही तिचीच झाली, हे पुढे कुणी विचारलं नाही तरी ती आपण होऊन सांगत असे. इथे माणूस गेला की काळ्या काठाचं पत्रक छापतात, वर फोटो, खाली नाव, आणि चाळिसाव्या दिवसाच्या आधी ते फाटकावर, झाडांच्या बुंध्यांवर, बसथांब्यावर लावतात. फोनमध्ये पारपत्राच्या फोटोचं नाव होतं 'बाबा १'. चौकटीसाठी काढलेल्या चित्राच्या फोटोचं नाव होतं 'बाबा'. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यावर पोट भरणाऱ्या नेवेनाने छापखान्याच्या टपरीवर पाठवला तो दुसरा. टपरीवरच्या बाईने हूं की चूं न करता साठ प्रती काढल्या. तिला वाटलं, आजकाल असं असेल. आणि गांचोकाकांनी, चष्मा घरी विसरून, एका सकाळीत साठच्या साठ चिकटवल्या.

दुसऱ्या दिवशी नेवेना बसमधून उतरली आणि पहिल्याच झाडावर तिला वडील दिसले. वळणदार रेषा, पाणथळ डाग, चार पायांचं काहीतरी, आणि खाली: 'स्तामेन पेनेव यांना जाऊन चाळीस दिवस होत आहेत. त्यांची आठवण येते.' पुढच्या झाडावर तेच. फाटकावर तेच. औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर एक म्हातारा टोपी काढून पत्रकासमोर उभा होता.

"ओळखत होता तुम्ही?" तिने विचारलं.

"थोडंफार." त्याने मान हलवली. "फोटो चांगला आलाय. शेवटी शेवटी असेच दिसायचे."

लिंडनला बहर आला होता. तो वास, ते संथ ऊन आणि झाडाझाडावरून तरंगत येणारा तोच एक कागद. ती सावकाश चालत राहिली. चालता चालता तिला वाटलं, बाबा मेले नसावेत, फक्त वितळून वस्तीभर पसरले असावेत, आणि प्रत्येक बुंध्यावरून तेवढंच विचारत असावेत. पत्रकं काढून टाकायची, असं तिने पहिल्या झाडापाशी ठरवलं होतं. तिने एकही काढलं नाही.

मग वस्ती चित्रावर बोलू लागली. पाववाली म्हणाली, ही बेटं आहेत, नदीतली, आणि चार पायांचं आहे तो पूल. बंदरावरचे निवृत्त लोक म्हणाले, पूल नाही, नदीतला गाळ उपसणारी बुडालेली बोट. शाळेतल्या पोरींना त्यात कुत्रा दिसला. कोणीतरी आकडे लॉटरीत लावले, पण सोडतीत एकोणपन्नासच्या वरचा आकडाच नसतो. म्हणून मग फक्त ०३, ०८, १६ आणि २१ लावले, आणि उरलेले दोन जावयाच्या वाढदिवसाचे. काही लागलं नाही. 'स्तामेनने निम्मंच सांगितलं' असं म्हणून लोकांनी तो दोष मृताच्या नावे टाकला.

या सगळ्याची बातमी वस्तीच्या वाचनालयात पोचायला दोन दिवस लागले. त्या वाचनालयात पुस्तकं दोन कपाटं आणि नाचाचा हॉल तीन खिडक्यांचा, त्यामुळे तिथे वाचनापेक्षा नाच जास्त होत असे. चिटणीस दाम्यानोवाबाईंनी नेवेनाला बोलावून घेतलं.

"चाळिसावा इथेच करा. सकाळी स्मशानातलं उरकून घ्या, दुपारी इथे चित्राचं अनावरण. लोक विचारताहेत."

"मला घरीच, साधंसं..."

"घरात किती मावतील? वस्ती चित्र बघायला येणार. मूळ, रंगीत." त्यांनी अर्ज पुढे सरकवला. "शीर्षक?"

"शीर्षक नाही."

"ते यंदा एकाने घेतलंय. मार्चमध्ये. दुसरं सांगा."

नेवेनाने ती ओळ रिकामी ठेवली. चित्रकाराची लेखी संमती लागत होती; चित्रकार वारले आहेत म्हटल्यावर वारसाची लागत होती; वारस आपणच आहोत हे सिद्ध करायला नगरपालिकेचा दाखला लागत होता. नगरपालिकेतल्या खिडकीमागच्या तरुणाने न बघता विचारलं, "मालमत्ता?"

"एक कागद."

"खरेदीखत?"

"चित्र."

"क्षेत्रफळ?"

"अर्धा चौरस मीटर असेल."

"कितव्या मजल्यावर?"

"चौथ्या," नेवेना म्हणाली. ती दमली होती.

त्याने लिहिलं: निवासी जागा, अर्धा चौरस मीटर, चौथा मजला. शिक्काही मारला. हा दाखला पुढे बरेच दिवस तिच्या पाकिटात होता, आणि नगरपालिकेने आयुष्यात एकदाच इतकं अचूक काही लिहिलं होतं हे तिला नंतर कळलं.

वाचनालयाच्या तज्ज्ञ समितीत दोघे होते, अकॉर्डियनचे मास्तर आणि नाचाच्या बाई. मास्तरांच्या मते रेषांमध्ये सातचा ठेका होता. बाईंच्या मते मधला नारिंगी माणूस नाचात पाऊल चुकला होता आणि ते बघवत नव्हतं. समितीने चित्र एकमताने योग्य ठरवलं. राहिला अर्जातला शेवटचा रकाना: 'काय दाखवले आहे'. तो सक्तीचा होता.

"पूल लिहू का?" दाम्यानोवाबाईंनी पेन उघडलं. "पूल आणि नदी. सगळ्यांना पटेल. तुमचे वडील नदीखात्यातच होते."

नेवेना कधी कुणाशी वाद घालत नसे. लेखकांशीही नाही, तेही चूक असताना. "नको," ती म्हणाली.

"मग कुत्रा?"

"तो रकाना मी भरेन. त्यांनी मला विचारलं होतं."

"कोणी?"

"वडिलांनी. काय दिसतं म्हणून."

"मग काय दिसतं?"

"अजून दिसलं नाही."

दाम्यानोवाबाईंनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं, आणि पेनचं टोपण लावून पेन्सिल काढली. त्यांचे वडील जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. "पेन्सिलीने 'पूल' लिहून ठेवते," त्या म्हणाल्या. "शनिवारी पाच वाजता शाईने लिहिणार. तोवर काही दिसलं तर खोडरबर माझ्याकडे आहे."

शनिवारपर्यंतचे दिवस नेवेनाने स्वतःच्या घरी कागदासमोर घालवले. डोळे बारीक करून, लांबून, जवळून, आरशातून. अमूर्त चित्रांवरची दोन जाड पुस्तकं तिने वाचून काढली. एकात लिहिलं होतं, की चित्राचा अर्थ विचारू नये. दुसऱ्यात, की तो विचारल्याशिवाय राहवत नाही. दोन्हींत छपाईच्या चुका होत्या, त्या तिने पेन्सिलीने दुरुस्त केल्या, आणि तेवढाच आठवड्यातला ठोस फायदा झाला. शुक्रवारी चौकट तयार होऊन आली, चार हूक, वर काच, वजन अडीच किलो.

शनिवारी सकाळी थडग्यावर गहू वाटले, वाइन ओतली, मेणबत्त्या वाऱ्याने दोनदा विझल्या. दुपारी वाचनालयाचा हॉल भरला. समितीने बराच खल करून चित्र नारिंगी पाय खाली येतील असं टांगलं होतं, कारण पूल पाय वर करून उभा राहत नाही. लोक गव्हाच्या पेल्या हातात धरून समोरून सरकत होते, मान तिरकी करत होते, हळू आवाजात बोलत होते. पाच वाजायला वीस मिनिटं होती. दाम्यानोवाबाई अर्ज घेऊन खिडकीशी बसल्या होत्या.

तेवढ्यात गांचोकाका आले. ते तीन दिवस कुठे दिसले नव्हते. केसांत पांढरा रंग होता, भुवयांवर पांढरा रंग होता आणि मान डावीकडे वळून वर अडकली होती. सरळ होत नव्हती.

"हे काय करून घेतलंस?" वेलिचकामावशींनी विचारलं.

"सांगणार नाही. आश्चर्य आहे. नेवेला घरी गेल्यावर कळेल." मान तशीच वाकडी ठेवून, खेकड्यासारखे चालत, ते चित्रासमोर जाऊन उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. मग हातातली पेली त्यांनी शेजारच्याच्या हातात दिली.

"हा माझा डाग आहे," ते म्हणाले.



"कसला डाग, काका?" नेवेनाने विचारलं.

"माझा. तुमच्या छतावरचा." त्यांनी काचेवर बोट टेकवलं. "तीन दिवस याच्याखाली शिडीवर उभा होतो, मला विचार. हे एक्याण्णव, यंत्र त्या खोलीत आणलं ते साल. नळी घट्ट बसली नव्हती. चौऱ्याण्णवला फुटली. सत्त्याण्णवला मी ती सायकलच्या ट्यूबने बांधली. शून्य तीन, पोरीचं लग्न, एका दिवसात अकरा चादरी धुतल्या. शून्य आठ, इथे पोपडा पडला होता, जिथे त्याने तिकिटं चिकटवलीत. सोळा... सोळाचं आठवत नाही. एकवीसला आमची ही गेली. मी नळ उघडा ठेवून बाहेर जाऊन बसलो होतो. दोन दिवस पाणी गेलं असेल खाली. स्तामेन वर आला, नळ बंद केला, आणि माझ्याशेजारी बसला. डागाचं एका शब्दाने बोलला नाही. मला काय माहीत, घरी जाऊन त्याची रेघ ओढली ते."

अकॉर्डियनच्या मास्तरांनी टोपी काढली, मग कुठे ठेवावी ते न कळून पुन्हा घातली.

"आणि हे तीन दिवस शिडीवर काय करत होतास?" मावशींनी विचारलं. आवाजावरून त्यांना उत्तर कळलेलं होतं.

"रंगवला," काका वाकड्या मानेने म्हणाले. "दोन हात मारले. वाटलं, चाळिसाव्याला तरी त्याला स्वच्छ छत मिळावं."

"चाळीस दिवस व्हायच्या आत? घरातली खुर्चीसुद्धा हलवत नाहीत, गांचो. आत्मा आज घरी येणार. वर बघणार, आणि चुकीच्या घरात आलो म्हणून जिना उतरून जाणार."

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला मान खाली होईना, म्हणून ते तसंच कानाकडे ओघळलं. ते बघून नेवेनाला हसू आलं, चाळीस दिवसांत पहिल्यांदा. मग तिने खिशातला रुमाल काढून त्यांचा कान पुसला.

"जिना उतरणार नाहीत, काका," ती म्हणाली. "तुमच्याकडे येऊन बसतील. सवय आहे त्यांना."

तिने भिंतीवरून चौकट उतरवली.

"अहो, दोन आठवडे ठेवायचंय," दाम्यानोवाबाई उठल्या. "अर्जात तसं आहे."

"अर्ज पेन्सिलीत आहे."

बाईंनी घड्याळ पाहिलं. पाचला चार मिनिटं कमी होती. त्यांनी खोडरबर शोधायला पिशवी उघडली, आणि मुद्दाम सावकाश शोधू लागल्या.

चौथ्या मजल्यावर ओल्या रंगाचा वास दाटला होता. लहान खोलीचं छत पांढरं होतं, इतकं पांढरं, की खोली धुक्यात ठेवल्यासारखी वाटत होती. नेवेना बूट काढून वडिलांच्या पलंगावर आडवी झाली. पूर्वी तिचाही पलंग इथेच होता, खिडकीकडे पाय करून. तिने चौकट दोन्ही हातांनी तोंडावर उचलून धरली. अडीच किलो. एकदा फिरवली. नुसताच नकाशा. दुसऱ्यांदा फिरवली, आणि नदी, बेटं, पक्षी, पूल, सगळं विरघळून गेलं आणि छत परत आलं, खिडकीच्या बाजूचा फाटा, दिव्याजवळचा फुगवटा, कोपऱ्यातला तपकिरी खाडीसारखा भाग, जसाच्या तसा. चित्राला वरची बाजू नव्हतीच. सगळं चित्रच वर होतं.

मधोमध शाळेच्या वहीचा तुकडा होता. ती सात वर्षांची होती, गोवर निघाला होता, पडदे ओढलेले होते. छतावर पहिल्यांदाच काहीतरी उमटलं होतं, बशीएवढं. बाबा पलंगाशेजारी जमिनीवर उताणे पडून ते बघत होते, हात डोक्याखाली घेऊन. त्यांनी विचारलं. तिने सांगितलं. त्यांनी खरं वाटत नाही म्हटलं, म्हणून तिने वहीतलं पान फाडून, हाताला लागलेल्या नारिंगी खडूने काढून दाखवलं. दोन उंचवटे, चार पाय. एक पाय आखूड झाला होता, कारण पान संपलं होतं.

हात भरून आले तशी तिने चौकट छातीवर ठेवली. वर कुठेतरी खडखड सुरू झाली. काका घरी आले होते आणि गव्हाच्या टेबलावरची चादर धुवायला टाकली होती. तिने छताकडे पाहिलं. दोन हात रंग, नळी मात्र तीच. दिव्याच्या डाव्या बाजूला पांढऱ्यावर मसुराएवढा पिवळा ठिपका उमटत होता.

"त्या दिवशी मी बघितलंच नव्हतं, बाबा," ती मोठ्याने म्हणाली.

वरची खडखड थांबली. "कोण? नेवे?" छतातून आवाज आला. "मला काही म्हणालीस का?"

"नाही, काका. तुम्ही धुवा."

खडखड पुन्हा सुरू झाली. ती थोडा वेळ थांबली. प्रश्न विचारून झाल्यावर ते थांबायचे, तेवढाच वेळ.

"उंट आहे," ती म्हणाली. "तेव्हाही उंटच होता. मला बस पकडायची होती."